म्हशीच्या आंबोणात डाळीची चुनी कशी घालायची

आमच्या कोल्हापूर भागात सीझनला वैरण म्हणजे उसाचं वाडं (उसाचे हिरवे शेंडे), पण त्यात प्रोटीन कमी आणि नुसत्या सरकी पेंडीवर भागवायचं म्हटलं तर रतीबाचं पैसं सगळं पेंडीतच जातंय. म्हणून आंबोणात, म्हणजे पेंड-भरड्याच्या मिश्र खुराकात, चुनी घालून बघा. डाळ मिलमधून डाळ निघाल्यावर जो बारीक चुरा, तुकडे, थोडं टरफल उरतं ती चुनी, तुरीची, हरभऱ्याची, उडदाची, मुगाची, कुठलीही चालते.

आता खरी गोम खरेदीत आहे. चुनी म्हणून नुसतं टरफल गळ्यात मारणारे लई आहेत, स्वस्त पोतं दिसलं की आपण पण भुलतो. दुकानात ग्लासभर पाणी मागायचं, त्यात मूठभर चुनी टाकून ढवळायचं. टरफल वर तरंगतंय, डाळीचे तुकडे खाली बसतात आणि वाळू-माती असली तर ती आधी तळाला जाते. वर निम्म्याहून जास्त तरंगलं तर पोतं तिथंच ठेवून यायचं. नाकाजवळ धरून वास पण घ्या, कुबट आला तर नको.

किती घालायची? म्हशीला शरीरासाठी साधारण दीड किलो आंबोण आणि वर दर 2 लिटर दुधामागं 1 किलो. म्हणजे 8 लिटरच्या म्हशीला साडेपाच किलो, त्यात चुनी पाव हिस्सा, सव्वा ते दीड किलो. बाकी सरकी पेंड, मका भरडा, गव्हाचा भुसा, 50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर आणि चिमूट-दोन चिमूट न्हवं, चांगलं 30 ग्रॅम मीठ. मिनरल मिक्श्चर चुकवू नका, वाड्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतंय, म्हशीच्या अंगी लागू देत नाही.

पहिल्या दिवशी पाव किलोच, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं, एकदम घातली की पोट फुगलंच समजा. शेण पातळ झालं तर लगेच कमी करा. दोन-तीन तास भिजवून दोन्ही धारांच्या वेळी वाटून द्यायची, उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवू नका, आंबते.

पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. बुरशी आली तर फेकायचीच, ते विष दुधात उतरतंय. गेल्या पावसाळ्यात पत्र्यातनं एक थेंब थेंब गळती होती, मी म्हटलं एवढ्यानं काय होतंय, दोन पोती उकिरड्यावर गेली.