ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार कशी चालवावी

जिल्हा ग्राहक आयोगात वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. तिथे बहुतेक निकाल कागदपत्रांवरच लागतात. त्यामुळे चारचौघांत बोलायची सवय नसली तरी बिघडत नाही, फाइल मात्र चोख हवी.

आधी मुदत बघा. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. आधी दुकानदाराला आणि कंपनीला स्पीड पोस्टाने नोटीस जरूर पाठवा, पण तिच्यामुळे मुदत वाढत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, कंपनी कुठलीही असो.

आता खरं काम: तारखांचा तक्ता. समजा फ्रिज बिघडला. खरेदी कधी, पहिली तक्रार कधी, मेकॅनिक कधी आला, जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) त्याने काय लिहिलं, हे क्रमाने मांडा. प्रत्येक तारखेसमोर कागदाचा पान क्रमांक टाका. ज्या तारखेसमोर कागद नाही, तिथेच समोरचा वकील बोट ठेवणार. मेसेज छापून जोडाल, पण मूळ मेसेज फोनमधून पुसू नका.

हाच तक्ता वाक्यांत उतरवला की तक्रार तयार होते. ती मराठीत, परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहा. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. मागणी मोघम नको: परतावा किती, व्याज कोणत्या तारखेपासून, मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे किती, सगळं वेगवेगळं मांडा. सोबत शपथपत्र जोडा. दाखल करणं ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरूनही होतं.

सुनावणीच्या तारखेला वेळेआधी पोहोचा. पुकारा झाला आणि तुम्ही नसलात, तर तक्रार निकाली निघू शकते. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, सामनेवाल्याने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये या ४५ दिवसांपलीकडे मुदतवाढ नाही असं स्पष्ट केलं आहे. म्हणून ४६व्या दिवसानंतर ‘कैफियतीविना पुढे चालवावे’ असा लेखी अर्ज द्यायला कचरू नका.

पुढे पुराव्याचं शपथपत्र आणि लेखी युक्तिवाद. तेही त्याच तक्त्यावरून लिहा.

प्रकरण झेपेनासं झालं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निकालाची प्रत लगेच मागून घ्या. राज्य आयोगात अपील करायला आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवस असतात.