मेमइन्फोचा पॅच रिव्ह्यूला आलाय? आधी हे बघा

लिनक्समधल्या /प्रॉक/मेमइन्फो मध्ये, म्हणजे मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमध्ये, कोणी पॅचने (कोडमधल्या बदलाने) नवीन ओळ टाकत असेल तर कोड वाचायच्या आधी एकच विचारा, हा आकडा कोण वाचणार आणि कशासाठी? कारण एकदा ओळ आत गेली की सहसा काढता येत नाही, फ्री, टॉप या कमांड आणि लोकांच्या शेकडो स्क्रिप्ट तिच्यावर बसतात. म्हणून जुन्या ओळीचं नाव किंवा अर्थ बदलत असेल तर सरळ नाही म्हणा, हवं तर नवीन ओळ टाकू दे. २०१४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) ३.१४ आवृत्तीत मेमअव्हेलेबल (नव्या प्रोग्रॅमला मिळू शकेल अशी मेमरी) ही ओळ आली ती अशीच, मेमफ्री (पूर्ण रिकामी मेमरी) या जुन्या ओळीला कोणी हात लावला नाही.

मग युनिट. कर्नल पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोजतं, फाइलमध्ये केबी दिसतात, आणि कोणी थेट ४ ने गुणलं असेल तर ४ केबी पेजवाल्या एक्स८६ वर (इंटेल, एएमडीच्या मशीनवर) सगळं बरोबर दिसेल पण ६४ केबी पेजवाल्या आर्म मशीनवर आकडा १६ पट कमी येईल, त्यामुळे पेज शिफ्ट (त्या मशीनचा पेजचा आकार सांगणारा कर्नलमधला आकडा) वापरलाय का ते बघाच. तीच मेमरी दोन ओळींत तर मोजली जात नाहीये ना? शेअर्ड मेमरी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती) कॅश्ड या ओळीत आधीच धरलेली असते, इथे भलेभले चुकतात. डॉक्युमेंटेशन नसेल तर पॅच परत पाठवा.