टोपी भिजवूनच पळायला निघा

एप्रिल-मेमध्ये परभणी-लातूरकडे सकाळी ७ वाजताच ऊन चटके द्यायला लागतं, आणि कोरडी टोपी घालून पळालं की डोकं तापतं.

१. फिक्या रंगाची, पुढे झापड असलेली सुती टोपी घ्या. काळी नकोच.
२. निघताना माठातल्या पाण्यात बुडवून हलकी पिळा, डोळ्यांत पाणी ठिबकणार नाही इतकीच.
३. सुती रुमालाचं टोक मागून टोपीत खोचा, म्हणजे मान झाकली जाते. मानेलाही ऊन लागतं आणि नेमकी तीच आपण विसरतो.

टोपी वाळताना डोकं गार ठेवते. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे ती लवकर वाळते. वाटेत बाटलीतलं घोटभर पाणी पुन्हा ओता. पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र हे फारसं चालत नाही.

घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढा. नाहीतर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, कापड कडक होतं आणि कपाळाला घासतं.

थंडीतली मेरिनो लोकरीची कानटोपी गार पाण्यात, थोड्या शाम्पूने धुवा. पिळू नका, टॉवेलात दाबून सावलीत आडवी पसरा.

आणि पळताना चक्कर किंवा मळमळ वाटली, तर टोपीच्या भरवशावर राहू नका. लगेच सावलीत बसा, पाणी प्या.