थंडीत घड्याळावरचा आकडा फसवतो: व्यायाम करताना या चुका टाळा

कडाक्याच्या थंडीत पळताना मनगटावर ठोके रोजच्यापेक्षा कमी दिसले की वाटतं, आज अंगात दम आहे, वेग वाढवूया. गडबड इथेच होते. थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथलं रक्त छातीकडे सरकतं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. म्हणून त्याच वेगाला ठोके थोडे कमी लागतात. रक्तदाब मात्र चढलेला असतो. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यामागचा रेटा जास्त.

त्यात घड्याळ कातडीवर प्रकाश टाकून ठोके मोजतं. हात गारठला की तिथे रक्त कमी पोचतं आणि आकडा भरकटतो. छातीला बांधायचा पट्टा जास्त भरवशाचा. तो नसेल तर पळता पळता एक अख्खं वाक्य बोलून बघा. मधेच धाप लागली तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो.

दाराबाहेर पाऊल टाकताच पळत सुटणं ही दुसरी चूक. बैठ्या माणसाने एकदम उठून बर्फ उपसायला घेतला आणि हृदयविकाराचा झटका आला, असं घडतं ते बरंचसं थंडी आणि अचानक श्रम या दुहेरी ताणामुळे. 10-15 मिनिटं अंग आतच गरम करून घ्या.

आता श्वास. गार हवेने फुफ्फुसं गोठत नाहीत. आत जाईपर्यंत ती हवा 37 अंशांच्या आसपास तापते. खरा त्रास कोरडेपणाचा. जोरात पळताना मिनिटाला 100 लिटरपर्यंत हवा आत-बाहेर होऊ शकते, तीही तोंडाने. नाकाची ऊब आणि ओलावा देण्याची सोयच वगळली जाते. श्वासनलिकेचं अस्तर सुकतं, काहींच्या नळ्या आवळतात. खोकला किंवा छातीत शिट्टी बहुधा थांबल्यावर 5-15 मिनिटांत जोर धरते, म्हणून लोक त्याचा पळण्याशी संबंधच लावत नाहीत. असं वारंवार होत असेल तर ‘सर्दी असेल’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. दम्यासाठी इनहेलर असेल तर तो पळण्याआधी कधी घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

नाका-तोंडावर सैलसर मफलर घ्या. उच्छ्वासातला ओलावा पुढच्या श्वासाला मिळतो. भिजला की बदला.

छातीत आवळल्यासारखं झालं, हात किंवा जबडा दुखू लागला, तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. ‘थंडीने असेल’ असं म्हणत उरलेली फेरी पुरी करायला जाऊ नका.