जादूचे प्रयोग बघायला जाताय? मग असे बघा

पहिलं म्हणजे एकच शो दोनदा बघायची तयारी ठेवा. खर्च होतो मान्य, पण जादूगार लोकांचा जुना नियम आहे की त्याच प्रेक्षकांपुढे तीच जादू लगेच परत करायची नाही, कारण शेवटी काय होणार हे एकदा कळलं की माणसाची नजर भलतीकडे फिरायला लागते, आणि आपल्याला तर नेमकं तेच हवंय. सुट्ट्यांमध्ये शनिवार-रविवारी लागोपाठ शो असतात, त्यातले दोन धरा.

पहिल्या वेळी काहीच शोधू नका, खरंच, मनसोक्त बघा. फक्त बाहेर पडल्या पडल्या, चहाच्याही आधी, आठवतंय ते लिहून काढा आणि बरोबरच्यांना वेगळं विचारा. मी भाच्याला घेऊन गेलो होतो, मी छातीठोक सांगत होतो की जादूगाराने पत्त्यांना हातच लावला नाही, तर नऊ वर्षांचा पोरगा म्हणाला, "मामा, लावला ना, त्या काकूंना स्टेजवर बोलावलं तेव्हा त्याने पत्ते सारखे करून दिले." मला ते दिसलं होतं, पण बिनमहत्त्वाचं वाटलं म्हणून डोक्यातून गळूनच गेलं. जादूगाराचा सगळा भरवसा असल्या गळतीवर असतो.

आता दुसरा शो. जादूगार जिकडे बघतोय तिकडे बघू नका. लोक हसतात तेव्हा, टाळ्या वाजतात तेव्हा, तो टेबलावरून रुमाल उचलायला वळतो तेव्हा त्याचा दुसरा हात बघा. "आता नीट बघा हं" असं म्हणेपर्यंत बऱ्याचदा काम उरकलेलं असतं. १९९९ मध्ये अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले, मधून गोरिलाच्या वेशातला माणूस चालत गेला आणि जवळपास निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. तेव्हा फसलो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, लक्ष एका वेळी एकीकडेच जातं.

शब्दही पकडा. "दोनातला एक गठ्ठा दाखवा" म्हणतो, तुम्ही डावा दाखवता, तो म्हणतो "छान, हा तुमचा". उजवा दाखवला असता तर म्हणाला असता "ठीक, हा बाजूला काढू", म्हणजे डावाच उरला! निवडलेल्या गठ्ठ्याचं पुढे काय करणार हे त्याने आधी सांगितलं होतं का, एवढंच लक्षात ठेवा.

तांब्याची जादू तर चुकवूच नका. तांब्या पूर्ण रिकामा करून दाखवतात, थोड्या वेळाने परत उपडा करतात तर परत पाणी! तांब्याला आत दुसरा कप्पा असतो आणि काठाजवळ बारीक भोक. भोकावर बोट असेपर्यंत हवा आत जात नाही म्हणून कप्प्यातलं पाणी अडून राहतं, बोट उचललं की ते मधल्या भागात उतरतं. घरी स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं टोक बोटाने दाबून उचला, तेच दिसेल. हे मी बिनधास्त सांगतोय कारण विवेकवादी कार्यकर्ते शाळाशाळांतून हे करून दाखवतात. जादूगार तिकिटावरच जादू म्हणून छापतो, म्हणून मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तोच तांब्या एखादा बाबा दैवी शक्ती म्हणून फिरवत असेल तर तिथे गप्प बसू नका, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सीट शक्यतो मधल्या वाटेला लागून घ्या, स्टेजवर जायचा चान्स मिळतो. गेलात तर वस्तू हातात घेऊन वजन बघा, पण त्याचा प्रयोग मोडू नका. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात तीन पिढ्या ही कला चालत आली, असा सराव एका शिट्टीने उधळायचा नसतो. शोनंतर भेटलाच तर "कसं केलं" विचारू नका, "हे हातात बसायला किती वर्षं लागली" असं विचारा, मग माणूस मोकळा बोलतो. आणि उत्तर सापडलं तरी इंटरव्हलमध्ये मोठ्याने सांगू नका, पुढच्या रांगेतलं पोरगं अजून विचार करत असतं.