रीफ टँकला चुन्याची निवळी: माझा अनुभव

माझ्या रीफ टँकचा (खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ ठेवायची काचेची टाकी) पीएच पहाटे ७.८ पर्यंत घसरायचा, कॅल्शियमही टिकत नव्हतं. उपाय केला चुन्याच्या निवळीचा. एक लिटर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, झाकण लावून रात्रभर निवळू द्यायचं. वर साय धरते ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ती आणि तळचा गाळ टँकमध्ये नकोच. निवळीचा पीएच १२ च्या वर, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावायचा.

बाष्पीभवनाने घटेल तेवढीच निवळी, दिवे बंद झाल्यावर, संपच्या (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) जोरदार प्रवाहात थेंबथेंब सोडतो. पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा फ्लोट स्विच अडकला तर निवळीचा अख्खा डबा टँकमध्ये रिकामा होतो (प्रवाळांची वाटच लागते!), म्हणून टायमरवर डोसिंग पंप (मोजून थोडं थोडं द्रव सोडणारा पंप) लावला. टँकचा पीएच ८.५ ला पोचला की पंप बंद. आता पहाटे ८.१ दिसतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलून पीएच टिकवायची क्षमता) मात्र दर आठवड्याला तपासतोच.