थंडीत जनावरांचा हौद गार पडतोय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की शिरूर, जुन्नर, दौंडकडच्या गोठ्यांत एकच गाऱ्हाणं, खुराक तोच, कुट्टी तीच, मग दूध का तुटलं? अहो आधी पहाटे हौदात हात घालून बघा. लडाखसारखा आपल्याकडे बर्फ नाही धरत, पुण्याचा नीचांकच १९३५ च्या जानेवारीतला १.७ अंश, पण बोटं बधिर होतील एवढं गार पाणी असलं की गाय दोन घोट घेऊन तोंड वर काढते. दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं ना, १५ लिटरच्या गाईला दिवसाला ६०-७० लिटर सहज लागतं, ते पोटात गेलं नाही तर पेंड वाढवून काय होणार.

मोठी चूक म्हणजे संध्याकाळी हौद काठोकाठ भरून रात्रभर उघडा ठेवणं. उघड्या आभाळाखाली पाण्याची ऊब निघून जाते, वर वारा लागून बाष्पीभवन होतं ते वेगळंच. शेतीपंपाची लाईट रात्रीचीच येत असेल तर भरावाच लागतो, मान्य, पण मग प्लाय टाकून झाका. थर्माकोल नको, जनावरं चावून गिळतात.

काहीजण हौदाला गोणपाट गुंडाळतात, चांगलं आहे, पण ते भिजलं की उलटं काम करतं, माठ गार होतो तसंच. कोरडं ठेवा, वरून प्लास्टिकचा कागद बांधा.

आणि हीटरचा रॉड हौदात सोडायचा विचार डोक्यातून काढाच! हजार लिटर पाणी १० अंशांनी तापवायला साडेअकरा युनिट लागतात, दीड किलोवॅटचा रॉड आठेक तास चालेल, आणि करंट उतरला तर ओल्या जमिनीवरची गाय माणसाआधी जाते.

त्यापेक्षा बोअर आहे की. खोल जमिनीतलं पाणी वर्षभर जवळपास सारखंच कोमट, म्हणून तर पहाटे मोटर लावली की वाफ दिसते. उघड्यावरच्या पाईपात रात्रभर थांबलेलं पहिलं गार पाणी गिन्नी गवताला सोडा, मग हौदात घ्या, आणि धार काढून झाली की लगेच पाजा, तेव्हा गाय सगळ्यात जास्त पिते. शेळ्या असतील तर बोकडांकडे जास्त लक्ष ठेवा, पाणी कमी पडलं की मूतखडा होतो त्यांना, लघवी थेंब थेंब व्हायला लागली की डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा.